पिशवीतली घड्याळं

खुडलेली कोथिंबीर मेलेली नसते. मुळासकट उपटली, जुडी बांधली, टेम्पोत घातली, मंडईतल्या ओल्या गोणपाटावर मांडली, तरी ती श्वास घेत असते. हवेतला ऑक्सिजन आत घेते, पानांत साठवलेली साखर जाळते, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर सोडते. शेतात असताना ऊन होतं, मुळांकडून पाणी येत होतं, रोज नवी भर पडत होती. आता भर बंद आणि खर्च मात्र चालू. साठा सरत आला की पान पिवळं पडतं, पाणी उडून गेलं की मान टाकतं. पालेभाजीत दहातले नऊ भाग पाणीच असतं आणि तिच्या वजनातलं जेमतेम पाच टक्के पाणी गेलं, तरी ती कोमेजलेली दिसू लागते.

खरं वाटत नसेल तर हिवाळ्यात मटाराच्या गच्च भरलेल्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून बघावा. बाहेर गारठा असतो आणि आत हाताला स्पष्ट ऊब लागते. साखर जळते तेव्हा उष्णता निघतेच, मग ती आपल्या शरीरात जळो की मटाराच्या शेंगेत. मटार, मक्याचं कणीस, मश्रूम, पालक, मेथी हे जोरात श्वास घेणारे. कांदा, बटाटा, लसूण, लाल भोपळा हे अगदी संथ. आणि या सगळ्यांना लागू पडणारा एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी चढलं की श्वासाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. दुपारी उन्हातल्या हातगाडीवर एक तास काढलेली मेथी आणि पहाटेच्या गारव्यात तासभर राहिलेली मेथी यांचं वय म्हणूनच सारखं राहत नाही.

आठवड्याच्या बाजारखर्चात काटकसर कशी करावी, याची उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत. यादी करा, उपाशीपोटी दुकानात जाऊ नका, चार ठिकाणी भाव विचारा. उत्तरं बरोबरच आहेत. पण त्यांच्या मागे जे चाललेलं असतं ते कळलं की माणूस मंडईत उभा राहून चकित होतो. पिशवीत पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूच्या आत एक घड्याळ आहे. कोथिंबिरीचं तासांवर चालतं, टोमॅटोचं दिवसांवर, कांद्याचं महिन्यांवर, तुरीच्या डाळीचं वर्षावर. आणि आपण मोजतो त्या पैशांतला मोठा वाटा मालाचा नसतो, त्या घड्याळाशी लावलेल्या शर्यतीचा असतो.

कोथिंबिरीचीच शर्यत बघा. नाशिकच्या शिवारात दिवसा उपटलेली कोथिंबीर संध्याकाळी लिलावात जाते, रात्री गाडीत चढते आणि उजाडायच्या आत वाशीच्या बाजार समितीत किंवा दादरला स्टेशनाबाहेरच्या घाऊक बाजारात उतरते. तिथून किरकोळ विक्रेत्यांच्या पाट्या भरतात. अडत, हमाली, तोलाई, वाहतूक, प्रत्येक टप्प्यावर काही पैसे चढतात. त्यांच्या बरोबरीनं आणखी एक खर्च चढतो, तो कुठल्याच पावतीवर लिहिलेला नसतो. वाटेत जे सडतं, पिचतं, सुकतं त्याची किंमत टिकून राहिलेल्या मालावर पडते. काढणीनंतर देशात भाज्यांचं किती नुकसान होतं याचा लुधियानाच्या सिफेट या केंद्रीय संशोधन संस्थेनं अभ्यास केला होता. २०१५ च्या त्या अहवालात भाज्यांसाठी साडेचार ते साडेबारा टक्के आणि फळांसाठी साडेसहा ते सोळा टक्के असे आकडे आहेत. आपण विकत घेतलेल्या प्रत्येक चांगल्या पेरूच्या किमतीत कुठल्यातरी सडलेल्या पेरूचा हिस्सा असतो.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासात, ग्राहकानं मोजलेल्या रुपयातले शेतकऱ्याला किती मिळतात याचा हिशेब आला: टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६, बटाट्यात ३७. हा आकडा वाचल्यापासून वाटे लावून बसलेल्या भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करण्यात मला काही अर्थ वाटत नाही. तिथं वाचण्याजोगं फार थोडं आहे, आणि जे वाचतं ते तिच्याच पदरातून जातं. रुपयातले उरलेले साठ-पासष्ट पैसे अंतरात, हातोहातीत, नासाडीत आणि घाईत जिरतात. घरच्या बचतीची खरी जागा तिथं आहे. माल त्याच्या वेळेला घेतला तर ती घाई आपल्याला विकत घ्यावी लागत नाही.

संध्याकाळी उशिरा भाव का उतरतो हेही यातूनच उलगडतं. आठवडे बाजारात आलेला विक्रेता उद्या दुसऱ्या गावच्या बाजारात असतो. कांदे-बटाटे तो परत गाडीत टाकील, पण उरलेल्या शेपूच्या जुड्या उद्यापर्यंत टिकणार नाहीत हे त्याला आणि आपल्याला दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून दिवे लागताना पालेभाजीचा भाव कोसळतो, टोमॅटोचा थोडा खाली येतो आणि कांद्याचा जागचा हलत नाही. पुढच्या बाजाराला लक्ष देऊन बघा, भाव उतरण्याचा हा क्रम म्हणजे श्वासाच्या वेगाचाच क्रम आहे. त्यामुळे संध्याकाळच्या बाजारात पालेभाजी घ्यावी ती त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी शिजवायची असेल तरच. आठवडाभर ठेवायची असेल तर सकाळची, जास्त पैसे देऊन घेतलेली जुडीच शेवटी स्वस्त पडते.

आता कांदा. महाराष्ट्रातल्या माणसाला कांद्याबद्दल काय सांगायचं, असं वाटेल. पण आपण ज्याला वर्षभर कांदा म्हणून हाक मारतो ते काढणीच्या हिशेबानं तीन वेगवेगळे कांदे आहेत. पावसाळ्यात लावलेला पोळ कांदा दिवाळीच्या आगेमागे बाजारात येऊ लागतो. त्यात पाणी जास्त, मान जाड, त्यामुळे तो टिकत नाही. त्यानंतर रांगडा, साधारण जानेवारी ते मार्च. आणि मग उन्हाळी, म्हणजे गावरान. डिसेंबर-जानेवारीत लावलेला आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात काढलेला. देशातल्या एकूण कांद्यापैकी सुमारे ६५ टक्के कांदा या रब्बी हंगामातला असतो. त्याची पात शेतातच सुकते, मान आवळून बंद होते, वरची सालं कागदासारखी कोरडी होतात आणि आतला कोंब काही महिन्यांसाठी सुप्तावस्थेत जातो. वनस्पतीनं पुढच्या हंगामाची वाट बघण्यासाठी केलेली ही तजवीज आहे. तिच्यावर निफाड, येवला, चांदवडच्या कांदा चाळी उभ्या आहेत आणि लासलगावच्या लिलावाचा निम्मा रंगही.

चाळीतला कांदाही श्वास घेतो, अतिशय हळू. चार-सहा महिन्यांत वजन घटतं, काही सडतो, पावसाळी दमट हवेत काहींना कोंब फुटतात. पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त माल असा जातो. त्यामुळे मे महिन्यात कांदा मुबलक असतो आणि ऑक्टोबर येईपर्यंत चाळी रिकाम्या होत आलेल्या असतात. नवा पोळ कांदा अजून रानात असतो. या दोहोंमधल्या फटीत परतीचा पाऊस जोरात झाला तर उभं पीक भिजतं आणि भाव भडकतात. २०१९ साली हेच घडलं. सप्टेंबरअखेर केंद्रानं निर्यात थांबवली आणि तरीही डिसेंबरात देशातल्या अनेक शहरांत किरकोळ भाव शंभर रुपये किलोच्या वर गेला. बातम्यांत ती अचानक आलेली आपत्ती दिसते. कांद्याच्या घड्याळाकडे पाहिलं तर दर वर्षी त्या फटीतून जाणं ठरलेलंच आहे, कधी निभावतं, कधी नाही.

ज्यांच्याकडे वारा खेळणारी जागा आहे, त्यांनी एप्रिल-मेमध्ये मध्यम आकाराचा, बारीक मानेचा, वाजणाऱ्या सालींचा गावरान कांदा गोणीनं घ्यावा, निवडावा आणि पसरून ठेवावा. दर पंधरवड्याला हात फिरवून एखादा मऊ पडलेला काढून टाकावा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या आढ्याला टांगलेल्या दिसतात त्याचं कारण हेच, प्रत्येक कांद्याभोवती हवा. बटाटे मात्र त्यांच्या शेजारी ठेवू नयेत. बटाट्याची ओल कांद्याला बाधते आणि दोघंही लवकर जातात. शहरातल्या वन-रूम-किचनमध्ये गोणी ठेवायची कुठं, हा प्रश्न खराच आहे. तिथं आठवड्याला दोन किलोच घ्यावा, पण पोळ कांद्याच्या दिवसांत जास्त घेऊन ठेवू नये एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

टोमॅटोची गोष्ट लहान आणि झटपट आहे. रोप लावल्यापासून साधारण दोन-सव्वादोन महिन्यांत पहिला तोडा मिळतो. म्हणून भाव कडाडले की त्याच्याकडे बघून लागवड वाढते आणि दोन-तीन महिन्यांनी तो सगळा माल एकदम बाजारात उतरतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटो काही शहरांत दोनशे रुपये किलोच्या घरात गेला होता. सप्टेंबरात नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात शेतकऱ्याला तोडणीचा खर्चही सुटेना. इतकी क्रूर उलटापालट इतक्या थोड्या दिवसांत. घरापुरतं बोलायचं तर महाग टोमॅटोच्या दिवसांत आमटीला चिंच-आमसुलाची आंबटाई द्यावी आणि दोन महिन्यांनी माल ओसंडू लागला की सॉस, चटणी, उन्हात वाळवलेल्या फोडी करून ठेवाव्यात. त्या पडत्या भावात कोणीतरी अधिक किलो घेणं शेतकऱ्यालाही हवंच असतं.

या सगळ्या घड्याळांचं वेळापत्रक आपल्या घरात भिंतीवर टांगलेलं आहे, ही मला यातली सर्वांत विलक्षण बाब वाटते. भोगीची भाजी आठवा. जानेवारीच्या मध्यावर, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, वांगी, गाजर, घेवडा, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे, तीळ आणि सोबत बाजरीची भाकरी. वर्षाच्या ज्या आठवड्यात या सगळ्या शेंगा आणि भाज्या एकाच वेळी, सर्वांत कोवळ्या आणि मुबलक असतात, नेमक्या त्याच आठवड्यात त्यांची मिसळ करायची प्रथा आहे. भोगीच्या मागणीमुळे भाव दोन दिवस चढतो हे खरं, पण तिच्या आगेमागे संपूर्ण जानेवारी या भाज्यांचा असतो.

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. थालीपीठं, भजी, झुणका, जितकं कांद्याचं करता येईल तितकं करायचं, कारण एकादशीपासून चातुर्मास, आणि तो पाळणाऱ्या घरांतून कांदा-लसूण-वांगं हद्दपार. आता चाळींचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून पाहा. आषाढापासून कार्तिकापर्यंतचे हे महिने म्हणजे साठवलेला कांदा सडत, कोंबत, महाग होत जाण्याचे महिने. व्रत सुटतं तेव्हा नवा पोळ कांदा यायला लागलेला असतो. वांगं तर मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा दाखवून ताटात परततं, आणि थंडी पडू लागल्यावर वांग्याला कशी बहार येते हे खानदेशातल्या कुणालाही विचारावं. व्रतं भाव बघून ठरली असा माझा दावा मुळीच नाही. त्यांची कारणं श्रद्धेतली आहेत. पण दोन वेळापत्रकं इतकी जुळलेली पाहिली की मन थांबून विचार करू लागतं.

भाद्रपदातली ऋषिपंचमी आणखी पुढं जाते. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही असा दंडक, म्हणून ऋषीच्या भाजीत अळू, माठ, भोपळा, सुरण, परसातलं आणि आपसूक उगवलेलं काय काय. त्याच पावसाळ्यात ठाणे-पालघरच्या आदिवासी बाया शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी घेऊन स्टेशनांबाहेर बसतात. पेरणी, खत, फवारणी यांचा एक पैसाही ज्यांच्यावर खर्च झालेला नाही अशा या भाज्या आहेत. त्यांना खर्च आहे तो रानात पहाटे चालण्याचा आणि ओळखण्याच्या कसबाचा. कंटोळी आता मॉलमध्येही दिसतात आणि तिथं त्यांचा भाव दचकवतो. टाकळा आणि कुर्डू मात्र अजून वाट्यावर, परवडणाऱ्या भावात मिळतात. या बायांकडून घ्यावं, कसं निवडायचं आणि शिजवायचं तेही त्यांनाच विचारावं. शेवळात काकडाची फळं का घालतात हे त्या नीट सांगतात, ती नसली तर घसा खाजतो.

इथपर्यंत पाण्यानं भरलेल्या गोष्टी झाल्या. पाणी काढून घेतलं की घड्याळ जवळजवळ थांबतं, आणि हा शोध शेतीइतकाच जुना आहे. ज्वारी, गहू, तूर, मटकी यांच्यात ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणला की दाणा इतका मंद श्वास घेतो की महिनोन् महिने कळतही नाही. पण तो जिवंतच असतो. डब्यात वर्षभर पडून राहिलेल्या मटकीवर पाणी ओता. रात्रीत ती फुगते, दुसऱ्या दिवशी मोड काढते. थांबलेलं आयुष्य पाण्याच्या स्पर्शानं पुन्हा सुरू होतं. हे रोज स्वयंपाकघरात घडतं आणि तरीही मला ते बघताना दरवेळी नवल वाटतं.

या नवलात पैशांचाही हिशेब आहे. एक किलो कोरडी मटकी भिजून, मोड येऊन सव्वादोन किलोच्या आसपास भरते. समजा कोरडी १२० रुपये किलो आहे, तर घरी मोड आणलेली साधारण ५३ रुपये किलो पडली. बाजारात मोडाची मटकी कितीला आहे ते विचारून बघा. तिथं वजनकाट्यावर निम्म्याहून अधिक पाणी चढलेलं असतं. आणि तूर महाग झाली की अडून बसण्याचं कारण नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ दोनशे रुपयांच्या वर गेली होती, कारण तूर जूनमध्ये पेरली की पुढच्या थंडीपर्यंत हाती येत नाही. पाऊस बिघडला तर वर्षभर दुसरी संधीच नाही. मग बंदरांवर म्यानमार, मोझांबिक, टांझानियाच्या तुरीची वाट बघावी लागते. पण मसूर, मटकी, चवळी, मूग यांच्यातही शंभर ग्रॅमला बावीस-चोवीस ग्रॅमच्या घरात प्रथिनं असतात, तुरीइतकीच. हुलग्याचं पिठलं किंवा माडगं तर कित्येक घरं विसरूनच गेली आहेत.

वर्षाचं धान्य भरण्याची पद्धत अजून खेड्यांत आणि काही शहरी घरांत टिकून आहे. नवी तूर फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू-ज्वारी मार्च ते मे, मिरची-हळद उन्हाळ्यात. कडधान्याला एरंडेल चोळून ठेवणाऱ्या आजीला कुणी कीटकशास्त्र शिकवलं नव्हतं. चवळी-मुगात होणारा भुंगेरा दाण्याच्या पृष्ठभागावर अंडं चिकटवतो. तेलाच्या पातळ थरानं त्या अंड्याला हवा मिळत नाही आणि ते तिथंच मरतं. चमचाभर तेलानं डबाभर कडधान्य वाचतं. तांदळाचं घड्याळ तर उलटं चालतं, तो जितका जुना तितका महाग, कारण जुना तांदूळ पाणी जास्त पितो, मोकळा होतो आणि जास्त फुगतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत नवा कोलम स्वस्तात घेऊन घरच्याच पिंपात जुना होऊ द्यावा. व्यापारी ज्या साठवणीचे पैसे घेतो, ती साठवण आपल्या घरात फुकट होते.

आणि आता पाकीट. २०२२-२३ च्या केंद्र सरकारच्या घरगुती खर्च सर्वेक्षणात शहरी माणसाच्या महिन्याच्या खर्चापैकी सुमारे ३९ टक्के खाण्यापिण्यावर गेलेले दिसतात. एकूण खर्चात धान्य चार टक्क्यांच्या आत, भाजीही चार टक्क्यांच्या आत. पेयं, पाकीटबंद खाणं आणि तयार जेवण यांचा वाटा मात्र साडेदहा टक्क्यांच्या वर. म्हणजे आपण ज्या भाजीच्या दोन रुपयांवरून वाद घालतो, ती आणि धान्य मिळूनही पाकिटांची बरोबरी करत नाहीत. महिनाअखेरीस खर्च तपासायला बसाल तेव्हा आधी हा रकाना उघडा.

पाकिटावर एक बारीक ओळ असते, ती फार थोडे लोक वाचतात. २०२१ च्या नोव्हेंबरात वेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती झाली. चहा, बिस्किटं, पीठ, तेल अशा वस्तू ठरावीक वजनांतच विकायचं बंधन गेलं आणि त्याच्या बदल्यात ‘एकक विक्री किंमत’ छापणं आलं. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर एका ग्रॅमचा भाव, किलोपेक्षा जास्तीवर किलोचा. वजनं हवी तशी करायला मोकळीक मिळाल्यामुळे ही ओळ अतिशय मोलाची झाली आहे. मोठं पाकीट स्वस्तच असतं हा समज ती कित्येकदा मोडून काढते. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत किंमत हलवता येत नाही म्हणून ग्रॅम कमी होत जातात, तर शाम्पूच्या पुडीत अनेकदा बाटलीपेक्षा स्वस्त दर सापडतो.

तेलाची गंमत तर भौतिकशास्त्राची आहे. तेल तापलं की फुगतं. एक लिटर सोयाबीन तेलाचं वजन २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९३ ग्रॅमच्या आसपास. काही पिशव्यांवर आकारमानाबरोबर चढं तापमान छापलेलं असे, म्हणजे लिटर तर पूर्ण, पण तेल कमी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं उत्पादकांना तापमान छापणं बंद करायला आणि आकारमानासोबत वजन लिहायला सांगितलं. तेव्हापासून तेल घेताना माझी नजर फक्त ग्रॅमवर जाते. आठशे-साडेआठशे ग्रॅमची पिशवी दिसायला लिटरच्या पिशवीएवढीच असते.

दुकानातल्या या सगळ्या हिशेबाला एकट्या घराची ताकद कमी पडते, हे इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांना १८४४ साली उमगलं आणि त्यांनी पीठ, लोणी, साखर अशा मोजक्या जिनसांचं सहकारी दुकान काढलं. मुंबईत गिरणगावाजवळ १९४८ साली अपना बाजार उभा राहिला. आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत जे करते आहे ते मला याहून धाडसी वाटतं, कारण तिथं दुकानच नाही. शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची यादी आधी देतात, पंचायत घाऊक खरेदी करते, माल एका सभासदाच्या घरी उतरतो आणि सगळे जमून तो आपापसांत वाटून घेतात. यादी आधी दिलेली असल्यामुळे काय लागणार हे माहीत असतं, म्हणून माल पडून राहत नाही, दुकानाचं भाडं नाही, जाहिरात नाही. पन्नास वर्षं हे माणसांनी आपल्या वेळेवर चालवलं आहे.

माल घरात आल्यावर घड्याळं पुन्हा आपल्या ताब्यात येतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारतातल्या घरांत दरमाणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं, त्यात साली-देठंही धरलेली आहेत. चौघांच्या घराला आठवड्याला चार किलोहून जास्त. यातलं निम्मं जरी टळलं तरी कुठल्याही सवलतीपेक्षा ती बचत मोठी. फ्रिज इथं उपयोगी पडतो: तीस अंशांवरून पाच अंशांवर नेलेल्या मेथीचा श्वास पाच ते दहा पटींनी मंदावतो. पण जुडी सोडून, निवडून, ओल पुसून, सुती फडक्यात गुंडाळून. भेंडी, वांगी, काकडी, टोमॅटो हे मूळ उष्ण हवेचे, त्यांना फार गार सोसत नाही. भेंडीवर काळे डाग पडतात ते त्यामुळेच. पिकलेली केळी एथिलीन वायू सोडतात, त्यांच्याजवळ ठेवलेली पालेभाजी पिवळी पडते आणि काकडी लवकर उतरते.

आठवड्याचा स्वयंपाक त्यामुळे श्वासाच्या वेगानं लावावा. बाजारानंतरचे पहिले दोन दिवस पालेभाजी, मटार, मश्रूम. मग भेंडी, गवार, फ्लॉवर. पुढं कोबी, गाजर, दुधी. शेवटच्या दोन दिवसांत बटाटा, सुरण, मोडाची उसळ, पिठलं. असं केलं तर बाजाराच्या आदल्या दिवशी टोपली रिकामी असते आणि फेकायला काही उरत नाही.

लाल भोपळ्याचं मात्र वेगळं आहे. अख्खा, देठासकट असेल तर तो कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज राहतो. सुरी लागली की चार दिवसांत बुळबुळीत होतो. म्हणूनच फोडीचा भाव अख्ख्या भोपळ्याच्या किलोच्या भावापेक्षा चढा असतो. कापल्यानंतर उरलेला भाग विकला जाईल की नाही, ही जोखीम विक्रेता फोडीत लावतो. तीन शेजारी घरांनी मिळून एक अख्खा भोपळा घ्यावा आणि भाजी करायच्या दिवशीच कापून वाटून घ्यावा. एका घरी भरीत होईल, दुसरीकडे घारगे, तिसरीकडे सांबार. बिया धुवून, मीठ लावून उन्हात टाकाव्यात. पोरं त्या दोन दिवसांत संपवतात.